मदत हवी आहे: सहावीच्या मुलांना पेरू देशाची ओळख

सहावीच्या वर्गाला दक्षिण अमेरिकेतल्या पेरूची ओळख करून द्यायची आहे. प्रोजेक्टर नाही, सुतळी, कागद आणि थोडे रंगीत प्रिंट आहेत.

माचू पिचू या डोंगरावरच्या जुन्या, ओस पडलेल्या शहराचे फोटो दाखवून झाले. मुलं हरखली, पण लगेच विचारलं, "आता तिथे कोणी राहत नाही का?" मग किपू घेतला, म्हणजे पेरूतल्या जुन्या इंका साम्राज्यातली दोरीच्या गाठींतली आकड्यांची नोंद. दशक-शतकाला साध्या गाठी, एककाला वेढ्यांची लांब गाठ, शून्याला मोकळी जागा. हे मस्त जमलं, पोरं आपापली जन्मसालं गाठवत बसली! तरी सगळं भूतकाळातच राहिलं.

म्हणून आता केस्वाचाका घ्यावा म्हणतेय. कुस्को भागात अपुरिमाक नदीवरचा हा गवताचा पूल आसपासच्या केचुआ या मूळनिवासी समाजाच्या वस्त्या आजही दरवर्षी नव्याने बांधतात. 2013 मध्ये ही परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

व्हिडिओ कॉल शक्य नाही, आमची शाळा भरते तेव्हा तिथे मध्यरात्र असते. वेशभूषा-नाचही नको, त्यातून 'गमतीशीर लोक' एवढंच पोचतं.

सुतळीला पीळ घालून दोन बाकांमध्ये असा पूल कुणी वर्गात करून घेतलाय का? मुलांत काम कसं वाटून दिलंत? आणि राजधानी लिमासारख्या शहरातलं आजचं जगणं त्याच तासाला कसं जोडता येईल?