‘सर्व बोजांपासून मुक्त’ : यातला बोजा कोणता?

प्रश्न : कोळसा खाणीच्या अधिसूचनेचा अनुवाद तपासताना ‘ही जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होईल’ असे वाक्य आढळले. येथे बोजा म्हणजे कर्जच समजावे काय? ‘भार’ हा शब्द अधिक बरा ठरेल का?

उत्तर : कर्ज हा बोजाचा एक अर्थ झाला. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो आणि कर्ज फिटले की उतरतो, त्यामुळे शेतकऱ्याला दुसरे काही सुचतच नाही. कोळसाधारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियम, 1957 च्या कलम 10 मधील ज्या मूळ इंग्रजी शब्दासाठी (‘encumbrances’) येथे बोजा वापरला आहे, त्याची व्याप्ती मात्र बरीच मोठी आहे. कलम 9 खालची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली की जमीन पूर्णपणे सरकारची होते आणि तिच्यावरचे गहाणच नव्हे, तर दुसऱ्याचा जाण्यायेण्याचा किंवा पाणी नेण्याचा हक्कसुद्धा गळून पडतो. गंमत अशी की सातबाऱ्यावर हाच बोजा ‘इतर अधिकार’ या रकान्यात लिहिला जातो.

गोंड किंवा उरांव गावात मोह वेचणे, गुरे चारणे, देवाच्या जागेपर्यंतची वाट राखणे यालाच जमीन असणे म्हणतात. या गोष्टींना वनहक्क अधिनियम, 2006 ने हक्क म्हटले, आणि कलम 4(5) नुसार दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला वनजमिनीवरून हटवता येत नाही. तरीही छत्तीसगडमधील हसदेव अरण्यातल्या घाटबर्रा गावाला 2013 मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क 2016 मध्ये रद्द झाला. वनजमीन खाणीसाठी वळती करण्यास आधीच मंजुरी मिळालेली होती, हे त्याचे कारण देण्यात आले. कायद्याच्या भाषेत कोणता हक्क आणि कोणता अडथळा, हा वाद तिथे नुसता शब्दांचा राहिला नाही.

तेव्हा अनुवादात ‘भार’ लिहावे, हे माझे मत. ‘बोजा’ वाचून गावकरी ‘आमच्यावर कर्ज नाही’ असे म्हणून कागद बाजूला ठेवील आणि कलम 7 च्या अधिसूचनेपासून मिळणारे हरकतीचे 30 दिवस निघून जातील.

पुरवणी : ‘भार’ मान्य, पण त्यात कोणते हक्क येतात हे सांगणारी तळटीप हवीच. वनहक्क वारशाने मिळतो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे ज्या जमिनीवर सावकाराचा बोजा चढूच शकत नाही, तिथला रहिवासी ‘बोजा’ या शब्दाने अधिकच चकेल.