रस्ता चुकण्यात मजा आहे की नुसता पेट्रोलचा चुराडा?

वाटसरू_पंचवटी: सापुताऱ्याला निघालो होतो, दिंडोरी-वणी करत, सगळे जातात तसंच. वणीत वळण हुकलं, गाडी नांदुरीच्या रस्त्याला लागली आणि समोर सप्तशृंगीचा कडा असा उभा राहिला की मागे फिरा म्हणायला कुणाचं तोंडच उघडेना. मग तसंच पुढे अभोण्याकडे, चणकापूर धरणाचं पाणी बघितलं, एका काकांनी कांद्याची चाळ आतून दाखवली. चाळ जमिनीपासून वर उचललेली असते, खालून-बाजूने फटींतून वारा खेळता राहतो म्हणून उन्हाळ कांदा पावसाळाभर निघतो, आणि आत कुठे सड लागली की आधी वासावरनं कळतं म्हणे. जन्म नाशकात गेला, रोज कांदा खातो, तरी हे कधी बघितलं नव्हतं. सापुतारा राहिलाच! माझं मत, ठरवून गेलेल्या जागी आपण रीलमध्ये पाहिलेलंच परत बघतो. मॅप अधूनमधून बंद ठेवायला हवा. पटतंय का?

सिडकोची_सून: अजिबात नाही. दादा, गाडीत सगळे मित्र असतील तर ठीक. आमच्याकडे सासूबाई गुडघे चोळत मागे बसलेल्या, धाकटं ओकतंय आणि नवरा म्हणतो बघूया हा रस्ता कुठे जातो. अरे तो कुठे जातो ते नंतर बघ, आधी बाथरूम कुठंय ते सांग!

घाटवेडा: ताई 😂 पण वाटसरूशी सहमत. समृद्धीचंच बघा, 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, 701 किमी सलग, इंटरचेंज आल्याशिवाय खाली उतरता येत नाही. वेळ वाचतो, मान्य. पण तिथे चुकायची सोयच नाही हो, झोप येते.

गिअर_तिसरा: झोप आली तर थांबून झोपा, त्यासाठी आडरानात कशाला जायचं. पावसाळ्यात त्र्यंबक-जव्हार किंवा पेठच्या साईडला कधी भलत्या फाट्याला लागलात तर कळेल, धुकं, फरशी पुलावरून पाणी, मोबाईलला रेंज नाही. ऑगस्ट 2022 ला दुगारवाडीत अचानक पाणी वाढून लोक अडकले होते, विसरलात?

वाटसरू_पंचवटी: भाऊ ते धबधबा बघायला गेले होते, रस्ता चुकले नव्हते. आणि मी कुठे म्हणालो जुलैत रात्री भटका, माझी गाडी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच बाहेर पडते.

गिअर_तिसरा: मग ते आधी लिहायचं ना राव. नवीन पोरं अर्धंच वाचतात आणि टाकी रिझर्व्हला असताना निघतात.

मोखाडा_रोडवाला: मी त्र्यंबकच्या अलीकडच्या गावातला. तुम्ही "चुकून" येता त्या रस्त्याने आमचा ट्रॅक्टर जातो. गाडी बांधाला आडवी लावून फोटो काढत बसतात, हॉर्न दिला तर आम्हालाच म्हणतात काका दोन मिनिटं. रस्ता विचारा, पाणी मागा, चहासुद्धा पाजू, पण गाडी कडेला घ्या आणि वेफर्सची पाकिटं घरी न्या.

सिडकोची_सून: काकांना शंभर लाईक.

घाटवेडा: एक कामाचं सांगतो. फोनला लोकेशन सॅटेलाईटवरून मिळतं, रेंज नसली तरी चालतं, फक्त त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करायचा. आणि किलोमीटरचे दगड बघत चला, डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य महामार्ग, नारिंगी दिसलं की ग्रामसडक.

गिअर_तिसरा: आणि नारिंगीवर समोरून एसटी आली की रिव्हर्स कोण घेणार तेही सांगा.

मोखाडा_रोडवाला: तुम्हीच. एसटी नाही घेत.