मदत हवी आहे: ७ महिन्यांची लॅब्रॅडॉर एकटी असताना दाराची चौकट कुरतडते

मादी, वजन २२ किलो. पक्के दात सगळे आलेत, त्यामुळे हे दात येतानाचं चावणं नाही. माणूस घरात असलं की फक्त स्वतःची खेळणी चावते. ११ ते ३ एकटी असते, तेव्हा चौकटीचा खालचा वीतभर भाग आणि सोफ्याचा कोपरा. जुना मोबाइल लावून रेकॉर्डिंग पाहिलं: भुंकणं, लाळ गाळणं, येरझाऱ्या काही नाही. तासभर झोपते, मग उठून सुरू. म्हणजे भीती नाही, कंटाळाच वाटतो.

फिरणं दोन्ही वेळा ४० मिनिटं, भरपूर हुंगू देऊन. कडू स्प्रे चाटून टाकते. रबरी खेळण्यात दहीभात गोठवून दिला तर २० मिनिटांत फस्त. शिजवलेली हाडं देणार नाही, त्यांच्या कपच्या आतड्यात टोचतात. ओरडणंही नाही; तासाभरानंतर ओरडलं तर तिला कशाबद्दल ते कळतच नाही.

घर भाड्याचं, भिंतीला ड्रिल चालणार नाही. पिंजऱ्यात दार लावून सध्या २० मिनिटं शांत बसते.

४ तासांसाठी ४२ इंची पिंजरा बरा, की स्वयंपाकघराच्या दारात दाबून बसवायचं गेट? पिंजरा असेल तर २० मिनिटांवरून पुढे वेळ किती टप्प्यांनी वाढवलात, आणि कितव्या महिन्यात घर मोकळं सोडून पाहिलंत?