वाचनसंच तयार करताना प्रताधिकार कुठे आड येतो?

प्रश्न (प्राध्यापिका, सांगली)

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षासाठी मराठीचा एक वाचनसंच करण्याचा विचार आहे. त्यात गो. ब. देवलांच्या नाटकांतील काही प्रवेश, वि. स. खांडेकरांच्या लेखनातील दोन प्रकरणे आणि अलीकडचे दोन समीक्षालेख असतील. महाविद्यालयासमोरचा झेरॉक्सवाला स्पायरल बायंडिंग करून द्यायला तयार आहे. शिवाय पीडीएफ महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावी, असा विभागात आग्रह आहे. यातले कायद्यात काय बसते?

उत्तर (ग्रंथपाल, कराड)

मॅडम, आधी लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहावे, कारण त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. देवल १९१६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाटके केव्हाच मुक्त झाली. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. मात्र देवलांची आवृत्ती संपादित असेल, तर तिची प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात. झेरॉक्स काढताना नेमकी तीच पाने सोबत जातात.

उत्तर (वकील, सातारा)

उरलेल्या मजकुराला १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ लागू होते. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात काढलेली प्रत त्यानुसार उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये पानांची टक्केवारी ठरवून दिली नाही. शिकवण्यासाठी तेवढा मजकूर गरजेचा आहे का, हाच निकष मानला आणि प्रती दुकानातून काढल्या म्हणून बिघडत नाही, असेही म्हटले. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसला, तरी या विषयावर आधार घ्यावा असा तोच आहे.

संकेतस्थळाचे मात्र वेगळे आहे. तिथून कोणीही फाईल उतरवू शकतो, आणि मग वर्गातल्या अध्यापनाचा बचाव लंगडा पडतो. पीडीएफ द्यायचीच असेल, तर ती वर्गाच्या बंदिस्त गटातच द्यावी.

प्रश्नकर्त्या

दोघांचेही आभार. समीक्षालेखांसाठी लेखकांना पत्र पाठवते. परवानगी मिळाली तर त्या लेखांपुरता संकेतस्थळाचाही प्रश्न मिटेल. एक शंका उरते: दुकानदार जादा प्रती काढून त्या काउंटरवर कोणालाही विकू लागला तर?

उत्तर (वकील, सातारा)

ती सरळ विक्री झाली आणि तिला हे कलम वाचवणार नाही. मूळ संच त्याच्याकडे ठेवू नका. पटावरच्या संख्येइतक्याच प्रती काढून घ्या आणि पहिल्याच पानावर विषय, वर्ग व शैक्षणिक वर्ष छापा.