विस्तार कार्य आणि सामंजस्य करारांची माहिती: छोट्या कॉलेजने कशी सांभाळायची?

जत_आयक्यूएसी
नमस्कार. जत तालुक्यातलं विनाअनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालय. शिक्षक ११, ऑफिसात क्लार्क एकच. नॅकचा (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, ३१ डिसेंबरच्या आत द्यायचा, आयशेचा (केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण) डीसीएफ-२ फॉर्म भरायचा, विद्यापीठाची पत्रकं वेगळी. सगळ्यात जास्त वेळ खातो नॅकचा निकष ३, त्यातही ३.४ विस्तार कार्य (कॉलेजबाहेर समाजासाठी केलेलं काम) आणि ३.५ सहकार्य (इतर संस्थांशी केलेले करार). कार्यक्रम झालेले असतात, पण वर्षअखेरीला हजेरीपत्रक सापडत नाही. संस्था म्हणते, एनआयआरएफही (केंद्राची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) भरा. कुठून सुरुवात करावी?

कृष्णाकाठ_कराड
मॅडम/सर, वर्षअखेरीला गोळा करायला बसलात की पुरावा मिळतच नाही. कार्यक्रमाच्या दिवशीच एक ओळ भरायची. कॉलेजसाठी एकच गूगल शीट ठेवा: तारीख, गाव, विषय, विभाग, सोबतची संस्था, मुली, मुलगे, शिक्षक, पुराव्याची लिंक. नऊ रकाने पुरे, जास्त केलेत तर कुणी भरत नाही. फोल्डरचं नाव ओळीच्या क्रमांकावरून द्या, म्हणजे ‘२४-२५_३.४_०७’. आत चारच गोष्टी: प्राचार्यांची सूचना, सह्यांची हजेरी, दोन फोटो, एक पानी अहवाल.

फाइल शिक्षकाच्या खासगी ड्राइव्हवर ठेवू नका. तो नोकरी सोडून गेला की लिंक मेली, आणि डीव्हीव्हीत (नॅकच्या पुरावा-पडताळणीत) नेमकी तीच उघडत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावरच चढवा.

विद्यार्थीसंख्येचं मात्र आधी बघा. मध्येच प्रवेश रद्द होतात, मग आयशेत एक आकडा आणि एक्यूएआरमध्ये दुसरा. एक तारीख ठरवून त्या दिवसाची पटयादी प्राचार्यांच्या सहीने गोठवा. सगळे फॉर्म त्याच यादीवरून भरा.

माणदेशी
वरच्याला दोन गोष्टी जोडतो. ग्रामपंचायतीचं आभारपत्र मराठीत असतं. नॅकला त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, प्राचार्यांच्या सहीचं. पत्र घेतानाच त्यात तारीख, कामाचं स्वरूप आणि सहभागी संख्या लिहून घ्या. ‘कार्यक्रम उत्तम झाला’ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही.

दुसरं, जिओटॅग, म्हणजे फोटोवर छापलं जाणारं ठिकाण. पाटण खोऱ्यात रेंज नसली तरी अक्षांश-रेखांश उपग्रहावरून मिळतात. पत्त्याची ओळ मात्र इंटरनेटवरून येते, म्हणून ती कोरी राहते नाहीतर मागच्या गावाची छापली जाते. लोकेशन चालू करून उघड्यावर अर्धा मिनिट थांबा, मगच फोटो काढा.

जत_आयक्यूएसी
आभारी आहे. एनएसएसचं ७ दिवसांचं शिबिर, ५० स्वयंसेवक. हे ३५० मोजायचे का?

माणदेशी
नाही, ५०. माणसं मोजायची, हजेऱ्या नाहीत. शिबिरात गावासाठी वेगळं काम झालं असेल, उदा. बंधारा किंवा पशुवैद्यकीय तपासणी, तर त्याची वेगळी ओळ करा, पण प्रत्येकीला स्वतंत्र हजेरी हवी. कॅम्पसमधलं वृक्षारोपण ३.४ मध्ये घालू नका. विस्तार म्हणजे कॉलेजच्या कुंपणाबाहेरचं काम.

सांगली_वाणिज्य
करारांबद्दल सांगते. ३.५ मध्ये शब्द आहे ‘कार्यरत’ करार. फाइलला १५ करार आणि वर्षभरात त्यांतल्या १३ खाली काहीच घडलं नाही, तर ते १३ पुराव्याविना पडतात. तीनच ठेवा, पण प्रत्येकाखाली वर्षाला निदान एक काम दाखवता आलं पाहिजे. वाणिज्यला तासगावची बेदाणा शीतगृहं किंवा सांगलीतली हळद अडत पेढी सोयीची. नवीन अभ्यासक्रमात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आहेच. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. विद्यार्थी तिथे स्टॉक नोंदी, जीएसटी बिलं शिकतो, आणि तेच हजेरीपत्रक क्रेडिटलाही चालतं, ३.५ लाही. करारावर सुरुवात-शेवटची तारीख आणि दोन्हीकडचा शिक्का हवा. मुदत संपलेला करार तसाच जोडणं ही नेहमीची चूक.

सल्लागार सेवेतून उत्पन्न नसेल तर शून्य लिहा. शून्याला कागद लागत नाही. फुगवलेल्या आकड्याला मात्र लेखापरीक्षित जमाखर्चाचा आधार मागतात.

एनआयआरएफ ऐच्छिक आहे. त्यात संशोधनाला वेगळे गुण आहेत, ११ शिक्षकांच्या पदवी कॉलेजला तिथून फार मिळत नाही. संस्थेला स्पष्ट सांगा, यंदा तो वेळ एक्यूएआरला द्या. एक्यूएआर राहिला तर नॅकच्या पुढच्या मूल्यांकन फेरीचा अर्जच अडतो.

जत_आयक्यूएसी
पटयादी सोमवारी गोठवतो. शीटचे रकाने इथे टाकतो, काही राहिलं असेल तर सांगा.