डिलिरिअम रक्तात शोधायचा की खाटेजवळ?

रात्रपाळी: "डिलिरिअमची रक्तचाचणी येऊ द्या, मग नर्सच्या अंदाजावर विसंबायला नको", असं काल इथं कुणीतरी लिहिलं. डिलिरिअम म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ, भ्रम. 'अंदाज' हा शब्द डोक्यात गेला. तो ओळखायची कॅम-आयसीयू ही अतिदक्षता विभागातली खाटेजवळची तपासणी 2001पासून आहे. रुग्णाचा हात हातात घ्यायचा, एकेक अक्षर म्हणायचं, 'ए' ऐकला की त्यानं दाबायचं. मग 'दगड पाण्यावर तरंगतो का?' असले प्रश्न. दोन मिनिटांचं काम. रक्तात मोजायचे ते आयएल-6, एस-100-बी हे घटक तर सेप्सिसमध्येही, म्हणजे संसर्ग अंगभर भिनला तरी, वाढतात. नुसता आकडा बघून मी काय ओळखू?

सूक्ष्मदर्शक: दोन मिनिटांचं आहे, पण करतं कोण? नळ्या उपटणारा सगळ्यांना दिसतो. गप्प पडलेला 'शांत झोपलाय' म्हणून सुटतो. आणि प्रश्न नुसत्या निदानाचा नाही. रक्तात न्यूरोफिलामेंट हे चेतातंतूंमधलं प्रथिन वाढणं ही त्या तंतूंना इजा झाल्याची खूण आहे. 2018च्या माइंड-यूएसए या औषधाच्या चाचणीत डिलिरिअमवर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल प्लासिबोपेक्षा, म्हणजे नकली औषधापेक्षा, सरस ठरलं नाही. मेंदूत काय बिघडलंय तेच माहीत नसेल तर औषध कशावर द्यायचं?

बाबांची_लेक: माझ्या बाबांचे हात खाटेला बांधले होते. अकरा दिवस. "पाणी चढतंय, मला वर घ्या" म्हणायचे. मनगटावरचे वळ घरी आल्यावरही दिसत होते. चष्मा आणि श्रवणयंत्र पहिल्याच दिवशी पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. ना दिसतंय, ना ऐकू येतंय, वर हात बांधलेले. माणूस भ्रमेल नाही तर काय?

रात्रपाळी: ताई, श्वासाची नळी उपसली तर जीव जातो. त्या वेळी माझ्याकडे एकटीकडे चार रुग्ण असतात. हौस म्हणून कुणी बांधत नाही.

बाबांची_लेक: हौस म्हणाले का मी? बाहेर बाकावरच होते, रात्रभर. आत बोलावलं असतं तर हात धरून बसले असते.

सूक्ष्मदर्शक: बांधलेल्यांत डिलिरिअम जास्त आढळतो, हे अभ्यासांत आलंय. आणि तडफडतोय म्हणून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध वाढवलं की आणखी भर. त्यावरही बोला.

रात्रपाळी: मिडाझोलामचं खरं आहे, पण डोस मी ठरवत नाही. चष्म्याचं मात्र आमच्याकडून चुकतं. भरतीच्या कागदावर तो रकानाच नाही, उद्या मागणी करते. रक्तचाचणीबद्दल माझं मत तेच. संशोधन करा, पण तोवर खाटेजवळच्या माणसाला खोटं पाडू नका.

बाबांची_लेक: रकान्यात बॅटरीही लिहा. नवव्या दिवशी यंत्र कानात घातलं, तेव्हा ती संपलेली होती.