चुलत आजोबांच्या ट्रंकेतल्या वह्या: सिंटॅक्सिस, पोएसिस, रेटोरिका म्हणजे नक्की कितवी इयत्ता?

गावठाणातली_मुलगी

नमस्कार मंडळी. आम्ही अंधेरीच्या एका गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. घर रिडेव्हलपमेंटला जातंय म्हणून गेले दोन रविवार माळा रिकामा करतोय, त्यात काल एक पत्र्याची ट्रंक निघाली, माझ्या चुलत आजोबांची (आजोबांचे धाकटे भाऊ, १९८९ मध्ये वारले). आत अकरा वह्या आहेत, दोऱ्याने शिवलेल्या, सगळ्या टाकाने लिहिलेल्या आणि लाल शाईने तपासलेल्या. कव्हरवर क्रमाने नावं अशी: रुदिमेंता, सिंटॅक्सिस, पोएसिस, रेटोरिका, आणि शेवटच्या तीन वह्यांवर फिलॉसॉफिया. सालं १९३६ ते १९४३.

पहिल्या वहीत शब्दांच्या याद्या आहेत, लॅटिन शब्द आणि पुढे मराठीत अर्थ. पुएला म्हणजे पोरगी, आग्रिकोला म्हणजे शेतकरी, आणि नाउताच्या पुढे आधी खलाशी लिहून मग ते खोडून तांडेल केलंय. ते बघून मला कसंतरीच झालं, कारण आमची आजी कोळीवाड्यातली, घरात तांडेल हाच शब्द. पण पोएसिसच्या वहीपासून मराठी एकदम गायब, सगळं लॅटिनच. आणि प्रत्येक पानाच्या वर ए.एम.डी.जी. आणि लिखाण संपतं तिथे खाली एल.डी.एस. अशी अक्षरं आहेत, न चुकता.

आता मूळ प्रश्न. घरात कायम एकच ऐकलं की ते फादर व्हायला गेले, अभ्यास जमला नाही म्हणून पळून आले. लग्नकार्यात कोणी ना कोणी हे काढायचंच आणि ते ओट्यावर गप्प बसून राहायचे. नंतर ते पोर्ट ट्रस्टमध्ये क्लार्क होते, लग्न झालं, मुलं झाली. मला जाणून घ्यायचंय की या वह्यांवरून त्यांचं शिक्षण कुठवर झालं होतं? नापास होणारा माणूस सात-आठ वर्षं शिकत राहील का? कोणी सेमिनरीत शिकलेलं असेल तर प्लीज सांगा.

जुना_सेमिनेरियन

बाळा, तुझी पोस्ट तीनदा वाचली. मी वसईचा, आता मालाडला असतो, वय ऐंशी. १९६१ मध्ये सोळाव्या वर्षी मायनर सेमिनरीत (फादर होऊ पाहणाऱ्या मुलांची आधीची शाळा) गेलो आणि फिलॉसॉफी झाल्यावर बाहेर पडलो, नंतर तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यामुळे जे लिहितोय ते बरंचसं स्वतःच्या अंगावरून गेलेलं आहे.

तुला जी नावं सापडली ती विषयांची नाहीत, इयत्तांची आहेत. आपण पाचवी सहावी म्हणतो तसं तिथे म्हणायचे, हा पोरगा सिंटॅक्समध्ये आहे, तो पोएट्रीत गेला. ही पद्धत जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक फादरांच्या एका संघाची, त्यांनी १५९९ मध्ये सगळ्या शाळा-कॉलेजांसाठी एकच नियमावली काढली, रातियो स्तुदिओरुम, आणि त्यात खालच्या शाळेच्या पाच पायऱ्या ठरवल्या. तीन व्याकरणाच्या, चौथी ह्युमॅनिटीज म्हणजे तुझ्या वहीतली पोएसिस, आणि पाचवी रेटोरिक. रुदिमेंता म्हणजे तळाची, सिंटॅक्स म्हणजे व्याकरणाची सगळ्यात वरची. एका पायरीचं पक्कं झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर घेत नसत, मग त्याला वर्ष लागो की दोन. त्याही आधी, १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ठरवलं होतं की प्रत्येक बिशपने साधारण बारा वर्षांपासूनची मुलं घेऊन धर्मगुरू घडवण्यासाठी सेमिनरी चालवावी. या दोन गोष्टी मिळून आमच्या शाळा तयार झाल्या.

रुदिमेंतात नामं चालवायची. मेन्सा, मेन्साए, मेन्साए, मेन्साम, मेन्सा, मेन्सा, हे सकाळी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत घोकायचो, अजून झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. सिंटॅक्सला सीझर आणि सिसेरोची पत्रं. पोएट्रीला व्हर्जिल, आणि नुसतं वाचायचं नाही, स्वतः लॅटिनमध्ये वृत्तात ओळी रचायच्या, ऱ्हस्व-दीर्घ मोजून. रेटोरिकला सिसेरोची भाषणं, आणि त्याच घाटाचं भाषण स्वतः लिहून वर्गापुढे उभं राहून करायचं. म्हणून तुझ्या आजोबांच्या वहीतलं मराठी पोएसिसला संपलं, कारण तिथवर आलेल्या मुलाला अर्थ लिहून ठेवायची गरज उरत नाही. तुझी वही हेच सांगतेय गं!

जुन्या पद्धतीत वर्गाच्या दोन फळ्या करायचे, एक रोम आणि एक कार्थेज, आणि प्रत्येक मुलाला समोरच्या फळीतला एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला. हा चुकला की त्याने उठून सुधारायचं. आमच्या वेळी नावं गेली होती पण प्रतिस्पर्धी होता, माझा होता तो उत्तनचा, पुढे तो फादर झाला आणि माझ्या मुलीचं लग्न त्यानेच लावलं.

ए.एम.डी.जी. म्हणजे आद मायोरेम देई ग्लोरियाम, देवाच्या अधिक गौरवासाठी. एल.डी.एस. म्हणजे लाउस देओ सेंपेर, देवाची सदा स्तुती असो. लिखाण सुरू करताना पहिलं आणि पुरं झाल्यावर दुसरं. अर्धवट सोडलेल्या लिखाणाखाली एल.डी.एस. घालायचं नाही हे आमच्यावर इतकं बिंबवलेलं की मी अजून बँकेचा फॉर्म भरून झाला की मनात म्हणतो.

ठाकूरद्वारकर

मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. माझं लहानपण वेदपाठशाळेत गेलं, मुंज झाल्यावर आठव्या वर्षी गेलो, ऋग्वेद. आधी संहिता, दहा मंडलं, १०२८ सूक्तं, सगळी तोंडपाठ. मग पद म्हणजे शब्द सुटे करून, मग क्रम म्हणजे एक-दोन, दोन-तीन, तीन-चार असे शब्द जोडत जायचं, मग जटा म्हणजे एक-दोन, दोन-एक, एक-दोन, आणि मग घन, ज्यात तीन शब्द पुढेमागे फिरवत एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मी क्रमापर्यंत पोचलो आणि वडील गेल्यामुळे घरी यावं लागलं.

सेमिनेरियन काकांचा मेन्सा मेन्साए वाचला आणि मला देवः देवौ देवाः ऐकू आलं. लॅटिनमध्ये विभक्त्या सहा, आपल्या संस्कृतात संबोधन धरून आठ, द्विवचन त्यांच्याकडे नाही, आणि तृतीयेचं काम त्यांच्याकडे पंचमीच करते, सप्तमीचंही बरंचसं तिच्याच गळ्यात. म्हणजे चुलत भावंडंच. पण एक मोठा फरक जाणवला, आमच्याकडे अर्थ फार उशिरा यायचा, आधी स्वर, उदात्त-अनुदात्त, गुरुजींचा हात वर-खाली जाईल तशी मान. त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून अर्थ आणि चौथ्या पायरीवर स्वतःचं काव्य. आम्हाला एक मात्रा बदलली तर छडी, त्यांना नवीन ओळ रचली नाही तर.

आणि अजून एक सांगतो ताई. आमच्याकडे जिथवर पोचलात तेच तुमचं नाव होतं, दशग्रंथी, घनपाठी. मला गावात अजून क्रमापर्यंत झालेला म्हणतात, घनातून पळालेला कोणी म्हणत नाही. तुमच्या आजोबांना कोणीतरी रेटोरिक झालेला म्हणायला हवं होतं.

गावठाणातली_मुलगी

दोघांचेही खूप आभार. काल आईला वाचून दाखवलं, ती मध्येच उठून आत गेली, रडत होती.

अजून एक सापडलं. फिलॉसॉफियाच्या दुसऱ्या वहीत एक फोटो होता, पांढऱ्या कॅसॉकमधली (फादरांचा लांब झगा) वीसेक मुलं, मागे डोंगर, आणि पाठीमागे त्यांच्या अक्षरात 'कँडी, १९४२'. घरात म्हणायचे की ते लंकेला पळाले होते. आणि त्या वहीत प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक वाक्य, मग खाली बारीक अक्षरात नेगो, कोन्चेदो, दिस्तिंग्वो असं परत परत. हे काय?

जुना_सेमिनेरियन

पळाले नव्हते, पाठवले होते! कँडीला पेपल सेमिनरी होती, पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये काढलेली, तेव्हाच्या हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन मिळून सगळ्यांसाठी. जेझुइट चालवायचे. बिशप लोक आपल्याकडची निवडक मुलं तिथे पाठवायचे, रेटोरिक होईपर्यंत लॅटिन चांगलं झालेली, कारण तामिळ, मल्याळी, कोकणी, मराठी अशी सगळी मुलं एकत्र आणि शिकवणं लॅटिनमध्ये. १९५५ मध्ये तीच सेमिनरी पुण्याला आली, अजून आहे. घरच्यांनी इतकी वर्षं काय समजून घेतलं आणि खरं काय होतं बघ.

नेगो म्हणजे मी नाकारतो, कोन्चेदो म्हणजे मान्य करतो, दिस्तिंग्वो म्हणजे एका अर्थाने मान्य, दुसऱ्या अर्थाने अमान्य. हा वादाचा अभ्यास. वरचं वाक्य म्हणजे सिद्धांत, एक मुलगा तो सांभाळणार, दुसरा त्यावर आक्षेप घेणार, पण भाषण नाही, काटेकोर अनुमानाच्या रूपात, आणि सांभाळणाऱ्याने आधी आक्षेप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि मगच नेगो किंवा दिस्तिंग्वो. समोरच्याचं नीट ऐकल्याशिवाय उत्तर देताच यायचं नाही. मला वाटतं आयुष्यात इतकं उपयोगी मी दुसरं काही शिकलो नाही. ठाकूरद्वारकरांना यात पूर्वपक्ष-सिद्धांत दिसेलच, संत थॉमस अक्वायनासचं लिखाण त्याच घाटाचं आहे, आधी विरोधी मुद्दे, मग उत्तर.

फिलॉसॉफी साधारण तीन वर्षं, पुढे थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र चार वर्षं. आजोबांच्या तीन वह्या आहेत म्हणजे फिलॉसॉफी पुरी झालीय. त्यानंतर थांबणारे खूप असायचे, कारण पुढे सबडीकन (फादर होण्याआधीची एक पायरी) होताना आजन्म ब्रह्मचर्य पत्करावं लागायचं आणि त्याआधी मनाला खरं काय वाटतं ते बघायलाच ती वर्षं दिलेली असायची. आमचे रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, स्पष्ट म्हणायचे, शंका असेल तर जा. गेलो. घरी आल्यावर आई सहा महिने चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली नाही. म्हणून तुझी पोस्ट तीनदा वाचली.

पॅरिश_ऑफिसवाली

एक व्यवहारातली गोष्ट. आजोबांचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला तिथलं रजिस्टर बघायला मागा. १९१७ च्या चर्च कायद्यापासून बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या शेजारी समासात लग्न, सबडीकन पद, आजन्म व्रत हे सगळं लिहायचे. तिथे फक्त लग्न असेल तर ते त्याआधीच बाहेर पडले, कुठलंही बंधन मोडून नाही. शनिवारी सकाळी जा, रविवारी ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि वह्या लॅमिनेट करू नका, कितीही कोणी सांगितलं तरी! नॅप्थलीनच्या गोळ्या पण नकोत, कोरड्या सुती कपड्यात गुंडाळा. स्कॅन करून झाल्या की झेवियर्स कॉलेजातल्या हेरास इन्स्टिट्यूटमध्ये विचारून बघा, जुन्या कागदांची कदर असलेली माणसं आहेत.

गावठाणातली_मुलगी

शनिवारी गेले होते. समासात एकच नोंद आहे, लग्नाची, १९४७, पानाच्या अगदी कडेला बारीक अक्षरात.

घरी येऊन तिसरी फिलॉसॉफियाची वही शेवटपर्यंत उलटली, आधी अर्ध्यावरच ठेवली होती. शेवटच्या पानावर ओळी पूर्ण आहेत, लाल शाईत एक शब्द आहे, 'बेने', आणि त्याखाली त्यांच्या हाताने एल.डी.एस. काका, बेने म्हणजे काय?

जुना_सेमिनेरियन

छान. उत्तम केलंस.